शिडी वरून सरकते की खालून? न्यू जर्सीतल्या एका दुमजली घराची स्टॅबिलायझर केस

घर सेंट्रल जर्सीतलं, नेहमीचं दुमजली कलोनियल, व्हाइनिल सायडिंग (भिंतींवरचं प्लास्टिकचं आवरण), समोर दोन मोठे ओक. छपराच्या कडेनं ॲल्युमिनियमची पन्हळ, इकडे आपण सगळे तिला गटरच म्हणतो तर मीपण तेच म्हणतो. समोरच्या बाजूला जमिनीपासून गटर साधारण १८ फुटांवर. घरमालक नितीन, माझा मित्र (नाव बदललंय, बाकी सगळं त्याला विचारून लिहितोय). नोव्हेंबरमध्ये गटर साफ करताना त्याची शिडी वरच्या टोकाला आडवी सरकली. तो पडला नाही. पण का पडला नाही ते नीट बघितल्यावर आम्हा दोघांनाही बरं वाटलं नाही, म्हणून ही पूर्ण केस, शिडीच्या वरच्या टोकाला लावायच्या आडव्या आधारासकट (स्टॅबिलायझर), लिहून काढतोय. मी एका वेअरहाऊसमध्ये सेफ्टीचं काम बघतो त्यामुळे शिड्यांचं पुराण मला रोजच ऐकावं लागतं आणि ऐकवावंही लागतं.

आधी हा माणूस मुळात चढलाच का ते सांगतो. ओकची पानं उशिरा गळतात, मेपल रिकामा झाला तरी ओक थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरअखेर) पानं टाकतच असतो, आणि गटर तुंबलं की पाणी पुढून ओसंडून फाउंडेशनपाशी पडतं, तिथून बेसमेंटमध्ये. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा उरलेला पाऊस इकडे जो कोसळला त्यानंतर या भागात बेसमेंट हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. शिवाय थंडीत तुंबलेल्या गटरात बर्फ धरतो ते वेगळंच. म्हणजे काम खरंच गरजेचं होतं. आणि माणूस बोलवायचा तर समोर-मागे मिळून दोनशे-अडीचशे डॉलर, ते दर वर्षी द्यायचे जिवावर येतात. गॅरेजमध्ये २४ फुटी ॲल्युमिनियमची एक्स्टेन्शन लॅडर (दोन भाग सरकवून वाढवायची शिडी) पडून होती. मग झालं.

त्या दिवशीची मांडणी अशी. सकाळी पाऊस होऊन गेलेला. घड्याळं मागे गेलेली त्यामुळे पावणेपाचला अंधार, म्हणजे घाई. समोरच्या खिडकीखाली अझेलियाची झुडपं, त्यांच्या पुढे पेव्हरचा (फरशीच्या विटांचा) वॉकवे, त्यावर ओली पानं. झुडपं तुडवायची नाहीत (ती वहिनींची, विषय संपला) म्हणून शिडीचे पाय झुडपांच्या बाहेर, पेव्हरवर, भिंतीपासून सुमारे ८ फुटांवर. वरचं टोक सरळ गटरच्या कडेला टेकवलेलं. खाली शिडी धरायला नितीनचे बाबा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, वय सत्तरीच्या पुढे.

नितीन वर गेला, समोरची पानं काढली, मग उजवीकडे डाउनस्पाउटचं (गटरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपचं) तोंड तुंबलेलं दिसलं. हात अजून थोडा लांबवला की पोचेल असं वाटणारं अंतर. शिडीवरचे बहुतेक किस्से इथेच सुरू होतात. खाली उतरून शिडी हलवायची म्हणजे परत सगळं, आणि अंधार पडतोय. त्यानं कंबर उजव्या दांड्याच्या बाहेर काढून हात लांबवला आणि शिडीचं वरचं टोक गटरच्या गुळगुळीत कडेवरून उजवीकडे घसरलं, फूटभर. जुन्या घरांमध्ये गटर छपराच्या कडेच्या फळीला ठोकायला लांब खिळे वापरायचे, त्यांची डोकी गटरच्या बाहेरच्या अंगाला थोडी वर राहतात. त्यातल्या एका डोक्याला शिडीचा दांडा अडकला आणि थांबला. नितीन शिडीला मिठी मारून तसाच थोडा वेळ. बाबा खालून ओरडतायत, "अरे उतर, उतर आधी!" तो उतरला. गटरला खळगा पडला, पानांची बादली अझेलियात.

एका गंजक्या खिळ्याच्या डोक्यावर सगळं निभावलं. पुढच्या काही घरांत, आणि हल्लीच्या बहुतेक घरांत, गटरला आतून लपलेले हँगर (अडकवायच्या पट्ट्या) असतात, बाहेर काही नसतंच अडकायला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बाप-लेकात वाद चाललेला. बाबांचं म्हणणं, "शिडी खालून सरकली असणार, पानं ओली होती, मी धरलेली म्हणून वाचला." नितीनचं म्हणणं वरून सरकली. पेव्हरवरच्या ओल्या पानांत शिडीच्या पायांचे ठसे जिथल्या तिथे होते, आणि गटरवर रंग खरवडल्याची फूटभर रेघ. म्हणजे नितीनचं बरोबर. पण बाबांची भीती चुकीची नव्हती, उलट ती जास्त महत्त्वाची होती, त्यावर पुढे येतो.

बाबांना मी म्हटलं, "काका, तुम्ही शिडी धरलीत ते ठीक, पण वरचं टोक आडवं जाताना खालून तुम्ही काहीच करू शकत नव्हता." त्यांना ते पटायला वेळ लागला. साधी गोष्ट आहे, माणूस खाली पायांपाशी उभा, वरचं टोक सहा मीटर लांब, तिथे काय होतंय ते त्याच्या हातात येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि वरचा पडला तर तो बरोबर याच्या अंगावर. ब्रिटनची एचएसई ही सरकारी सेफ्टी संस्था तर शिडी पायानं दाबून धरणं हा शेवटचा उपाय म्हणते, म्हणजे दुसरं काहीच शक्य नसेल तेव्हाच. त्यात पाहुण्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये काय कव्हर होतं आणि काय नाही हे ज्यांनी एकदा वाचलंय ते आईवडलांना शिडीखाली उभं करणार नाहीत.

बाबांनी मग एक फार चांगला मुद्दा काढला. "आपल्याकडे रंगारी बांबूची शिडी लावली की आधी वर जाऊन ती सुंभानं बांधतो, मग काम करतो. तुम्ही बांधत का नाही?" एकदम करेक्ट. वरचं टोक बांधणं हा आडवं सरकण्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय, कुठलाही स्टॅबिलायझर त्याच्यापुढे दुसऱ्या नंबरला. अडचण एवढीच की इथल्या घराला बांधायला काही नसतं. खिडकीला गज नाही, बाल्कनी नाही, बाहेर आलेला वासा नाही, सगळं प्लास्टिकच्या सायडिंगमध्ये गुंडाळलेलं, आणि गटरला बांधायचं म्हणजे ज्याच्यावर विश्वास नाही त्यालाच बांधायचं. म्हणून मग स्टॅबिलायझर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ॲल्युमिनियमच्या पाइपचा रुंद यू आकार, शिडीच्या वरच्या टोकाजवळ आडवा बसतो, दोन हात दोन्ही बाजूंना आणि भिंतीच्या दिशेनं पुढे आलेले, टोकांना रबराचे जाड पॅड. हातांमधलं अंतर साधारण ४ फूट, आणि शिडी भिंतीपासून १० इंचाच्या आसपास लांब राहते. काही यू-बोल्ट आणि नटनं बसतात, काही स्प्रिंगच्या खटक्यानं पायरीवर बसतात. चाळीस ते ऐंशी डॉलरमध्ये येतो. तो दोन कामं करतो: एक, शिडीचे दोन दांडे, जे जेमतेम दीड फुटाच्या अंतरात टेकलेले असतात, त्यांच्याऐवजी ४ फुटांवरची दोन टोकं टेकतात आणि तीही रबराची. दुसरं, गटरवर भार येतच नाही. हे दुसरं लोकांना फक्त गटर चेपू नये म्हणून आहे असं वाटतं. पण गटरचा पत्रा असतो इंचाच्या ०.०२७ किंवा ०.०३२ जाडीचा, वरून रंगवलेला, आणि त्यावर टेकतो ॲल्युमिनियमचा गुळगुळीत दांडा. असा आधार म्हणजे आधारच नाही. एचएसईसुद्धा खिडकीची काच किंवा प्लास्टिकचं गटर असल्या कमजोर जागी शिडी टेकवू नका, स्टँड-ऑफ (शिडी लांब ठेवणारा असाच जोड) वापरा असंच सांगते.

मी थोडी आकडेमोड केली, कंटाळा येणार असेल तर पुढचा पॅरा सोडा.

नितीन आणि त्याचं सामान मिळून ९० किलो धरा, शिडी १७ किलो, तो शिडीच्या ८५ टक्के उंचीवर. शिडी ४ ला १ च्या नियमानं लावली, म्हणजे शिडीच्या दर ४ फूट लांबीला १ फूट बाहेर, कोन साडेपंच्याहत्तर अंश, तर वरच्या टोकाला गटरवर साधारण २२ किलोचा आडवा दाब येतो. तेवढाच दाब खाली पायांना बाहेर ढकलत असतो, आणि तो फक्त घर्षणानं थांबायचा. त्या दिवशी पाय भिंतीपासून ८ फुटांवर, छप्पर आणि गटर मिळून भिंतीच्या बाहेर सुमारे १७ इंच, म्हणजे गटरपासून पाय साडेसहा फुटांच्या वर, कोन ७० अंश. पाचएक अंशांचाच फरक, पण दाब २२ चा ३१ किलो होतो. पायांना लागणारं घर्षण ०.२ वरून ०.२९ वर. कोरड्या पेव्हरवर रबराचे पाय ते सहज देतात, ओल्या पानांच्या थरावर मी तरी पैज लावणार नाही. म्हणजे शिडी वरून सरकली, पण खालून सरकायच्याही ती बेतातच होती. बाबांची भीती म्हणजे हीच.

आणि इथेच स्टॅबिलायझरची मर्यादा. तो वरचा इलाज आहे. पाय घसरायला लागले तर वर ४ फूट रुंद टेका असला काय आणि नसला काय, शिडी भिंतीवरून खाली येणारच. युरोपात याचा विचार उलट्या टोकानं केलाय, तिथल्या ईएन १३१ मानकात २०१८ पासून ३ मीटरपेक्षा लांब टेकवायच्या शिडीला खालीच रुंद आडवा बार असावा लागतो. अमेरिकेत तसा नियम नाही, इथे खालची रुंदी तीच दीड फुटाची, आणि वरचा ॲटॅचमेंट तुम्ही स्वखुशीनं घ्यायचा.

कडेला झुकल्यावर शिडी उलटायच्या बाबतीत मात्र वरच्या रुंदीनं खरंच फरक पडतो. शिडीला कडेवर फिरायचं तर ती त्या बाजूचा पाय आणि त्या बाजूचं वरचं टेकलेलं टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर फिरते. नुसती शिडी असेल तर ती रेष मधल्यापासून आठ-नऊ इंचांवर. स्टॅबिलायझर लावला की खाली नऊ इंच आणि वर दोन फूट, त्यामुळे तुम्ही वर असताना तुमच्या उंचीपाशी हे अंतर दुपटीहून थोडं जास्तच होतं. चौथ्या-पाचव्या पायरीवर असताना फायदा बराच कमी कारण तिथे रेष अजून पायांजवळच आहे. म्हणून जिथे काम चाललंय तिथे तो मदत करतो, चढता-उतरताना फारसा नाही.

दुप्पट म्हटल्यावर नितीनची पहिली प्रतिक्रिया काय, "मग मी दोन्हीकडे तीन-तीन फूट पोचेन की, शिडी कमी वेळा हलवावी लागेल!" हेच नको. बेल्टचं बकल दोन दांड्यांच्या आत, हा नियम स्टॅबिलायझर लावूनही तोच. वाढलेलं अंतर चुकून तोल गेला तर वाचण्यासाठी आहे, ते रोजच्या हिशोबात खर्च करून टाकलं की परत जिथे होतो तिथेच. मी कामावर हे बघितलंय, सेफ्टीची वस्तू आली की लोक तिच्या भरवशावर दोन पावलं पुढे जातात.

आता शिडीची लांबी. २४ फुटी शिडी २४ फूट उघडत नाही, दोन भाग एकमेकांवर किमान ३ फूट चढलेले असावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात २१. अमेरिकन लॅडर इन्स्टिट्यूटच्या तक्त्याप्रमाणे २४ फुटी शिडी १३ ते १७ फुटांवरच्या आधारासाठी, १७ ते २१ साठी २८ फुटी. नितीनचं गटर १८ वर. म्हणजे शिडीच एक साइझ लहान. चढताना ते जाणवत नाही कारण शिडी पोचते. पण मग माणूस वरच्या तीन पायऱ्यांत जातो, जिथे उभं राहायचं नसतं, दांड्यावर तसा स्टिकरही असतो. वजनाचा प्रश्न नव्हता, शिडी टाइप २, म्हणजे २२५ पाउंडची, आणि नितीन सामानासकट दोनशेच्या आसपास.

त्याशिवाय डाव्या कोपऱ्यावर खांबावरून येणारी विजेची सर्व्हिस वायर. ॲल्युमिनियमची शिडी आणि ती वायर, यावर काही लिहायची गरज नाही. लाईनपासून किमान १० फूट लांब हा नियम.

तर नितीननं काय केलं ते सांगतो. २८ फुटी फायबरग्लासची टाइप १ए (३०० पाउंड) शिडी घेतली, जुनी विकली. ही शिडी तीसेक किलोची आहे, एकट्यानं उभी करायची नाही असं ठरलं. फायबरग्लास आहे म्हणून वायरजवळ जायचं नाहीच, तो कोपरा जमिनीवरून लांब पाइपनं. स्टॅबिलायझर यू-बोल्टवाला घेतला, मी खटक्याचा सुचवत होतो कारण काढ-घाल सोपी, पण त्याचं म्हणणं नट घट्ट केलेलं डोळ्याला दिसतं. ठीक आहे, आवड ज्याची त्याची, फक्त नट दर वेळी चढण्याआधी हातानं तपासायचे, ॲल्युमिनियमवर ते हळूहळू ढिले होतात.

मग खरी गंमत. पाकिटावरच्या चित्रात स्टॅबिलायझर भिंतीवर, खिडकीच्या दोन्ही बाजूंना टेकलेला. रंगकामाला, खिडकी धुवायला ते उत्तम, ४ फुटांच्या हातांत खिडकी मावते. पण गटरसाठी? छप्पर भिंतीच्या बाहेर फूटभर आणि त्यापुढे ५ इंचाचं गटर, एकूण १७ इंच, आणि स्टॅबिलायझर शिडीला लांब ठेवतो १० इंच. म्हणजे भिंतीवर टेकवला तर शिडीचं टोक गटरच्या खालीच राहतं आणि माणसाला मागे झुकून डोक्यावर हात करून काम करावं लागतं, जे आधीपेक्षा वाईट. म्हणून गटरच्या कामाला हात गटरच्या वरून पलीकडे नेऊन छपराच्या शिंगल्सवर (डांबरी चकत्यांवर) टेकवायचे. तसं केलं की शिडीचे दांडे गटरच्या चारेक इंच बाहेर राहतात, गटर छातीसमोर येतं, हाताशी. आपल्या मॉडेलला छपरावर टेकवायची परवानगी आहे का ते माहितीपत्रकात बघायचं, आणि शिंगल ओलं, दवाचं किंवा बर्फाचं असेल तर नाही म्हणजे नाही. व्हाइनिल सायडिंग तर कडाक्याच्या थंडीत पॅडच्या दाबानं तडकू शकतं, तोही एक मुद्दा.

यातून कोनाची नवी भानगड. सगळे जण ४ ला १ भिंतीपासून मोजतात. १८ फूट उंची, चला साडेचार फूट भिंतीपासून. पण शिडी टेकलीय भिंतीच्या १७ इंच बाहेर, म्हणून खरं अंतर उरतं तीन फूट आणि थोडं, कोन ८० अंश, शिडी जवळजवळ उभी, एक धक्का आणि माणूस मागे. नोव्हेंबरमध्ये नितीननं उलटी चूक केली होती, झुडपांमुळे, पण नियम "नीट" पाळून उभी शिडी लावणारे मी जास्त पाहिलेत. स्टॅबिलायझर भिंतीवर टेकवतानाही तेच, तो शिडीला १० इंच बाहेर ठेवतो म्हणून पायही १० इंच बाहेर घ्यावे लागतात, नाहीतर १६ फुटांवर टेकलेली शिडी ७९ अंशांच्या आसपास जाते. सोपं म्हणजे अंतर मोजायच्या भानगडीत न पडता दांड्याचा कोनच मोजा. निऑश या अमेरिकन सरकारी संस्थेनं २०१३ मध्ये फुकट लॅडर सेफ्टी ॲप काढलं, फोन दांड्याला लावला की बरोबर कोन झाला का ते आवाजानं आणि कंपनानं सांगतं. फोन नको असेल तर बोटं शिडीच्या पायांना लावून सरळ उभं राहायचं, हात समोर सरळ केले की तळवे समोरच्या पायरीवर आले पाहिजेत. नितीनच्या घराला हिशोब आला भिंतीपासून सव्वासहा फूट.

सव्वासहा फूट म्हणजे बरोबर अझेलियाच्या बाहेरच्या ओळीत.

यावर घरात जे झालं ते मी इथे लिहित नाही. शेवटी वहिनींनी दोन झुडपं हलवायला परवानगी दिली, बाबांनी ती मुळासकट उचलून बाजूला नीट लावली, शेतकरी माणूस, ती जगली. रिकाम्या जागेतला मल्च (झाडांच्या बुडाशी पसरलेला लाकडाचा चुरा) खरवडून खालची कडक माती उघडी केली, कारण मल्चवर शिडीचा एक पाय दोन इंच रुतला की वरचं टोक जवळजवळ फूटभर... नाही, हिशोब करूनच सांगतो: पायांत दीड फुटाचं अंतर, एक पाय २ इंच खाली गेला तर शिडी कडेला सहा-साडेसहा अंश कलते, १८ फुटांवर ते दोन फूट होतात. दोन फूट! स्टॅबिलायझरला हे जमत नाही, उलट त्याचा एक हात हवेत राहतो. दोन्ही पॅड टेकलेले आहेत का हे चढण्याआधी बघणं म्हणजे खालची जमीन सपाट आहे का याची परीक्षाच आहे, मला त्याचा हा उपयोग सगळ्यात जास्त आवडतो. एका पॅडखाली फट दिसली की चढायचं नाही, खाली जमीन नीट करायची किंवा पायाला लेव्हलर (पायाची लांबी कमी-जास्त करणारा जोड) लावायचा. विटेचा तुकडा सारायचा नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण विटेचा तुकडा बाबांच्या हातात तयार होता.

उभी करतानाची एक अडचण कोणी सांगत नाही ती म्हणजे स्टॅबिलायझरनं शिडीचं डोकं जड होतं. तीन-चार किलोच, पण २० फुटांच्या टोकाला. वरचा भाग न वाढवता शिडी आधी उभी करायची, एकानं पाय अडवायचे, दुसऱ्यानं चालत चालत उभी करायची, मग दोरीनं वरचा भाग ओढून खटके बसल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकायचा, आणि मगच छपराकडे टेकवायची. टेकवताना स्टॅबिलायझरचा एक हात गटरमध्ये अडकतो, पहिल्यांदा अडकलाच, तेव्हा ओढाताण न करता थोडी बाहेर घेऊन परत. शिवाय शिडी दर तीन-चार फुटांवर हलवायची तर उभी शिडी सरकवत न्यायचा मोह होतो. वरचा भाग खाली उतरवून मगच हलवा. वेळ जातो, हो.

वसंतात, एप्रिलच्या शेवटी एका कोरड्या सकाळी ओकचे तुरे गटरात भरले होते तेव्हा नितीननं समोरची बाजू या पद्धतीनं साफ केली. मी खाली होतो, शिडीच्या पायांपासून बाजूला, धरायला नाही तर बघायला. फरक लगेच दिसला, शिडी वर अजिबात हलत नव्हती, त्याचे दोन्ही हात गटरपर्यंत समोरून पोचत होते, मान वाकडी नाही, आणि डाउनस्पाउटच्या तोंडापाशी पोचायला तो खाली उतरला आणि शिडी हलवली. वेळ मात्र जवळपास दुप्पट लागला. बादली आता दोरीनं खाली सोडतो, हातात धरून उतरत नाही. छपरावर पाय ठेवायचा नाही हेही ठरलेलं, कारण छपरावर उतरायचं तर शिडीचे दांडे कडेच्या वर ३ फूट हवेत असा ओशाचा (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा) नियम, आणि स्टॅबिलायझरमुळे शिडी आणि कड यांच्यात जी फट राहते ती ओलांडून परत शिडीवर यायचं हे घरगुती माणसाचं काम नाही.

पहिल्यांदा वापरल्यावर तपासलं तेव्हा एका बाजूचा नट पाव फेरा ढिला निघाला. नितीननं नायलॉनच्या आतल्या कडीवाले लॉकनट आणून लावले. पॅडला शिंगलची बारीक खडी चिकटली होती, ती पुसून काढली, नाहीतर पुढच्या वेळी पॅड रबरानं न टेकता खडीवर टेकतो आणि घसरतो.

राहिली मागची बाजू. मागे जमीन उतरती, वॉकआउट बेसमेंट (ज्यातून थेट अंगणात निघता येतं), त्यामुळे तिथून गटर २७ फुटांवर, आणि मध्ये लाकडी डेक. नितीनचा विचार होता डेकवर शिडी ठेवू, म्हणजे उंची परत १८ वर येते, स्टॅबिलायझर आहेच. मी नाही म्हटलं. डेकच्या फळ्या शेवाळानं बुळबुळीत, डेक रुंदीला एवढा लहान की पाय योग्य अंतरावर ठेवले तर मागच्या कठड्याला लागतात, आणि तिथून तोल गेला तर डेकवर नाही, कठड्यावरून थेट खाली. खालून लावायची तर ३६ किंवा ४० फुटी शिडी, तीही उतारावर. स्टॅबिलायझर असो नाहीतर अजून काही, ही बाजू शिडीची नाहीच. बाबा म्हणाले, "म्हणजे पुढचे वाचवायचे आणि मागचे द्यायचे!" हो काका, तसंच.

मागच्या बाजूसाठी आता माणूस बोलावतात, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आधी मागून घेतात. नुसत्या मागच्या बाजूचे त्यानं १४० सांगितले, समोरचं धरून २२५. हे ऐकल्यावर वहिनींनी विचारलं की ८५ डॉलरसाठी आपण तीसेक किलोची शिडी, स्टॅबिलायझर आणि माझी दोन झुडपं हे सगळं का केलं. नितीनकडे उत्तर तयार होतं, शिडी फक्त गटरला नाही, ख्रिसमसचे लाइट, खिडक्या, सायडिंग धुणं, सगळ्याला लागते. लाइट गटरलाच अडकवायचे असतात हे मी तेव्हा बोललो नाही. डिसेंबरमध्ये शिंगलवर दव आणि बर्फ असतो म्हणजे स्टॅबिलायझर छपरावर टेकवता येणार नाही, त्यामुळे यंदा लाइट ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आधीच लावायचे आणि दोन्ही सणांना तेच चालवायचे असं ठरलंय.